ओकिनावाचे संगीतकार: जोडणारा धागा नेमका कोणता?

खाडीकाठचा (धागाकर्ता)

नमस्कार. गेली सहा वर्षे मी नोकरीनिमित्त योकोहामाजवळ राहतो. योकोहामाच्या त्सुरुमी भागात ओकिनावाहून पोटापाण्यासाठी आलेल्या लोकांची जुनी वस्ती आहे. तिथल्या ज्या छोट्या खानावळीत मी अधूनमधून जेवायला जातो, तिच्या भिंतीवर तीन तारांचे, सापाच्या कातड्याने मढवलेले एक वाद्य टांगलेले असते. त्याला सान्शिन म्हणतात. मागच्या शनिवारी एका वृद्ध गृहस्थांनी ते खाली काढले, खुंट्या पिळून तारा जुळवल्या आणि द्रुत लयीत एक गाणे सुरू केले. दोन मिनिटांच्या आत खानावळीतली झाडून सारी माणसे हात डोक्याच्या वर नेऊन मनगटे फिरवत नाचू लागली. या नाचाला काचाशी म्हणतात. मी पैसे चुकते करायला उभा होतो, तर मलाही त्यात ओढण्यात आले.

घरी परतल्यावर मी थोडा शोध घेतला आणि चक्रावून गेलो. ओकिनावा प्रांताची लोकसंख्या साधारण १४ लाख ६० हजार आहे, म्हणजे जपानच्या लोकसंख्येचा जेमतेम सव्वा टक्का. तरीही तिथून आलेल्या कलाकारांची यादी संपता संपत नाही: किना शोकिची आणि त्यांचा चाम्पलूझ हा बँड, रिंकेन बँड, नेनेस, बिगिन, मोंगोल ८००, एचवाय, ऑरेंज रेंज, किरोरो, नात्सुकावा रिमी, कोक्को, आमुरो नामिए, स्पीड, अलीकडची रॅपर एविच.

माझा प्रश्न असा आहे की या सर्वांना एका यादीत बसवणारी गोष्ट कोणती मानावी? जन्मस्थान, स्वरावली की भाषा? माझे प्राथमिक मत असे की जन्मस्थान ही सर्वांत लेची कसोटी आहे. आमुरो नामिएची नृत्यगीते ऐकून कोणालाही बेटांची आठवण होणार नाही. मात्र हे मत बदलायला मी तयार आहे.

रात्रपाळी

वाचनखूण साठवली आहे. काचाशीत ओढले गेल्यावर आपण नेमके काय केलेत, याचा तपशील मूळ लेखातून गाळला गेला आहे, तेवढा कृपया द्यावा.

अनिमेवेडी

ऑरेंज रेंज हा बँड ओकिनावाचा आहे, हे मला आज प्रथमच समजले. 'ब्लीच' या अनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकेचे पहिले शीर्षकगीत त्यांचे आहे. शाळेत असताना त्यातील एकाही शब्दाचा अर्थ न कळता आम्ही ते तोंडपाठ म्हणत होतो. त्यात सान्शिन नाही, काचाशी नाही. गिटार आहे आणि एकमेकांवर चढणारे तीन आवाज आहेत. त्यामुळे धागाकर्त्यांच्या कसोटीवर ते नापास होतील असे दिसते. मला ते थोडे अन्यायकारक वाटते.

तीव्र_मध्यम

स्वरावलीविषयी थोडे लिहितो. ओकिनावाची म्हणून जी स्वरावली ओळखली जाते, तिच्यात आपल्या भाषेत सांगायचे तर सा, ग, म, प, नि हे पाचच स्वर येतात आणि ते सर्व शुद्ध असतात. रिषभ आणि धैवत वर्ज्य. आपल्याकडच्या श्रोत्याला हा तिलंगचा आरोह वाटेल, परंतु तिलंगच्या अवरोहात जो कोमल निषाद येतो तो इथे नाही, त्यामुळे खाली उतरताना गाणे तिलंगला सोडून जाते. याहून जवळचा नातेवाईक कर्नाटक संगीतातला गंभीरनाट आहे. मी चेन्नईला असताना देवळातल्या नागस्वरावर तो पुष्कळ ऐकला होता, आणि पुढे तेराड्याच्या फुलाविषयीचे एक प्रसिद्ध ओकिनावी लोकगीत कानांवर पडले तेव्हा क्षणभर मी त्याच देवळात उभा आहे असे वाटले. यावरून कोणी प्राचीन दळणवळणाचे सिद्धान्त मांडू नयेत, अशी विनंती आहे. पाच स्वर निवडण्याचे मार्ग मर्यादित असतात आणि दोन समाजांनी तोच मार्ग स्वतंत्रपणे निवडणे अशक्य नाही.

आणखी एक गोष्ट. ओकिनावाचे सगळेच संगीत या पाच स्वरांत बसत नाही. रिषभ घेणारी जुनी गाणी आहेत, तसेच जपानच्या मुख्य बेटांना जवळच्या वाटणाऱ्या चालीही आहेत. म्हणून स्वरावलीला एकमेव कसोटी मानल्यास तिथल्याच काही लोकगीतांना बाहेर ठेवावे लागेल.

सुरंगी

तीव्र_मध्यम, आपण तेरड्याचा उल्लेख केलात (आपण घाईत 'तेराडा' लिहिले आहे, असे समजते) म्हणून सांगते. त्या गाण्याचा आशय असा आहे की तेरड्याच्या फुलांनी जशी नखे रंगतात, तसे आईवडिलांचे शब्द मनावर रंगू द्यावेत. आपल्याकडे मात्र तेरड्याचा रंग तीन दिवस. एकाच फुलाकडून दोन समाजांनी इतक्या उलट गोष्टी शिकाव्यात, याची मला गंमत वाटली.

जुनी_कॅसेट

जन्मस्थानाला लेची कसोटी म्हणण्याआधी कोझाचा विचार करावा, असे मला सुचवायचे आहे. आज ज्याला ओकिनावा शहर म्हणतात त्याचा मोठा भाग म्हणजे जुने कोझा. १९७४ साली शेजारच्या मिसातोशी विलीनीकरण होऊन हे नवे नाव आले. काडेना या अमेरिकी हवाई तळाच्या दाराशी वाढलेले हे गाव. १९४५ ते १९७२ अशी सत्तावीस वर्षे ओकिनावा अमेरिकेच्या ताब्यात होते, १९५८पासून डॉलर हे तिथले अधिकृत चलन होते आणि जपानच्या मुख्य बेटांवर जाण्यासाठी तिथल्या माणसाला पारपत्र लागत असे.

व्हिएतनाम युद्धाच्या काळात तळावरचे सैनिक रात्री कोझाच्या बारमध्ये येत आणि खिशातले सगळे पैसे उडवत, कारण आठवड्याभराने आपण जिवंत असू की नाही हे त्यांना ठाऊक नव्हते. अशा श्रोत्यांपुढे वाजवणारी स्थानिक मुले अमेरिकी रॉक वाजवण्यात तयार झाली. पसंत पडले नाही तर बाटली अंगावर येई, म्हणजे परीक्षक किती कडक होते ते पाहा. त्यांतला सर्वांत नावाजलेला बँड 'मुरासाकी'. त्याचा अर्थ जांभळा, आणि 'डीप पर्पल' या ब्रिटिश रॉक बँडचे ऋण त्यांनी नावातच कबूल केले होते. कंडिशन ग्रीन आणि गायिका मारी हेही त्याच वस्तीतले. ज्या बारला सैनिकांसाठी परवानगी असे, त्याच्या दारावर ए हे अक्षर लावलेले असे. १९७३च्या सुमारास सगळ्या जपानला वेड लावणारा फिंगर फाइव्ह हा भावंडांचा गट अशाच एका बारच्या मालकाच्या घरातला होता.

आता या मंडळींच्या रॉकमध्ये ओकिनावी स्वरावली शोधायला गेलात तर फारसे काही हाती लागणार नाही, भाषा तर बहुतांशी इंग्रजी. परंतु हे संगीत कोझावाचून इतरत्र कुठेही निर्माण झाले नसते. मग ते ओकिनावाचे नव्हे तर कोणाचे?

मांडवी

जुनी_कॅसेट यांचा प्रतिसाद वाचून मला आमच्या गोव्याची आठवण होणे अपरिहार्य होते. योगायोग असा की २०११च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्याही साडेचौदा लाखांच्या आसपास होती. परक्या सत्तेने आणलेली वाद्ये, चर्चच्या शाळांतून मिळालेले स्वरलेखनाचे शिक्षण आणि गावात पोट भरत नाही म्हणून धरलेली मुंबईची वाट, यांमुळे हिंदी चित्रपटसंगीताच्या वाद्यवृंदांत गोंयकार भरून राहिले होते. पडद्यावरच्या श्रेयनामावलीत त्यांची नावे मात्र क्वचितच दिसत. ओकिनावाच्या लोकांना निदान स्वतःच्या नावाने बँड काढता आले.

पूर्वेचा_वारा

कोझाचे महत्त्व मला मान्य आहे, पण 'अमेरिकी तळ आले म्हणून संगीत आले' ही मांडणी अर्धवट आहे आणि बाहेरच्या पत्रकारांना ती फार आवडते म्हणून तिच्याबद्दल सावध राहावे. तळ नसतानाही ओकिनावात संगीत होते. रियुक्यू राज्याच्या, म्हणजे ओकिनावाच्या जुन्या राज्याच्या, दरबारात ते राजकारणाचा भाग होते; चिनी राजदूतांच्या स्वागतासाठी १७१९ साली तामागुसुकु चोकुन यांनी कुमिओदोरी हे संगीतनाट्य रचले, आणि त्याच शतकात याकाबी चोकी यांनी सान्शिनसाठी कुनकुन्शी ही लेखनपद्धती रूढ केली, जिच्यावरून आजही शिकवले जाते. १८७९ साली जपानने ते राज्य खालसा केले. दरबार गेला, पण सान्शिन घराघरांत राहिले.

मला या धाग्यावर ज्या माणसाविषयी आवर्जून लिहायचे आहे, ते ओनाहा बूतेन. व्यवसायाने दंतवैद्य, वृत्तीने विदूषक. १९४५च्या लढाईत ओकिनावातल्या जवळपास दर चौघांपैकी एक माणूस मारला गेला. उरलेले लोक अमेरिकनांनी उभारलेल्या छावण्यांत कोंबलेले होते. इशिकावाच्या छावणीत हे दंतवैद्य संध्याकाळी घराघरांत जात, सोबत तेरुया रिन्सुके नावाचा तरुण शिष्य सान्शिन घेऊन असे, आणि दाराशी उभे राहून म्हणत की चला, जीव वाचला त्याचा सोहळा करू. ज्या घरात सुतक आहे त्या घरात जाऊन सोहळा करा म्हणणे ही किती धाष्ट्र्याची गोष्ट आहे, याचा विचार करावा. त्यांचे म्हणणे असे होते की जे मेले त्यांच्यासाठीसुद्धा, जे वाचले त्यांनी हसायला हवे.

वाद्ये लढाईत जळून गेली होती. म्हणून लोकांनी अमेरिकनांनी टाकलेल्या पत्र्याच्या डब्यांना लाकडी दांडा बसवला, पॅराशूटचे दोर उसवून त्यांच्या तारा केल्या आणि त्यावर गाणी वाजवली. या डब्याच्या वाद्याला कांकारा सान्शिन म्हणतात आणि आज शाळांतून मुलांना ते हाताने बनवायला शिकवतात.

आता मूळ विषयाशी दुवा असा: त्या शिष्याचा, म्हणजे रिन्सुके यांचा मुलगा म्हणजे तेरुया रिंकेन, ज्यांनी १९७७ साली रिंकेन बँड स्थापन केला. रिन्सुके यांचे वडीलही संगीतकारच होते. तीन पिढ्या, एक गाव कोझा आणि वाद्य तेच. तळाशेजारी राहूनही या घराने कोणाची नक्कल केली नाही.

रात्रपाळी

दंतवैद्य दाराशी येऊन सोहळा करू म्हणतो, ही कल्पना मला आजच्या काळातही धडकी भरवते. बाकी प्रतिसाद अप्रतिम आहे.

जुनी_कॅसेट

पूर्वेचा_वारा, दुरुस्ती मान्य. किना शोकिचीसुद्धा कोझाचेच आणि त्यांचे वडील किना शोएई हे लोकगीतगायक होते, ही गोष्ट आपल्या बाजूनेच जाते. त्यांच्या बँडचे 'चाम्पलूझ' हे नाव चाम्पुरू या पदार्थावरून आले. कारले, तोफू, अंडे आणि डुकराचे मांस एकत्र परतून तो करतात, आणि त्या शब्दाचा अर्थच मिसळ असा होतो. किनांनी शाळकरी वयात रचलेले म्हाताऱ्या शेजाऱ्याचे गाणे वरकरणी विनोदी आहे. दारू मागत फिरणारा म्हातारा आणि त्याची थट्टा करणारा मुलगा. प्रत्यक्षातला तो शेजारी घरातल्या एका भीषण शोकान्तिकेनंतर दारूकडे वळला होता, हे किनांनी पुढे सांगितले. आज तेच गाणे शालेय बेसबॉलच्या राष्ट्रीय स्पर्धेत ओकिनावाच्या संघाला चेतवण्यासाठी वाजवतात.

तीव्र_मध्यम

कारल्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो. कडू कारले तुपात तळले, साखरेत घोळले तरी कडू ते कडूच, ही म्हण आपण दोष दाखवण्यासाठी वापरतो. चाम्पलूझचा १९७७चा अल्बम ऐकल्यावर मला ती प्रथमच प्रशंसा म्हणून वापरावीशी वाटली. इलेक्ट्रिक गिटार, ड्रम, सगळे ओतून झाले, तरी तो निषादावरून षड्जावर उडी मारण्याचा कडवटपणा जसाच्या तसा आहे.

सुरंगी

मग जन्म ओकिनावाचा नाही पण गाणे त्या स्वरावलीत आहे, अशांचे काय करायचे? 'द बूम' या बँडचे 'शिमा उता' (बेटगीत) हे जगात सर्वांत ओळखले जाणारे ओकिनावी गाणे असावे; अर्जेंटिनाच्या एका कलाकाराने ते चक्क जपानीत गाऊन तिथे गाजवले. परंतु त्याचे कर्ते मियाझावा काझुफुमी हे यामानाशी प्रांतातले, म्हणजे फुजी पर्वताच्या बाजूचे. हिमेयुरीच्या स्मारक-संग्रहालयात जाऊन आल्यावर, लढाईत बळी गेलेल्या विद्यार्थिनींची हकीकत ऐकून त्यांनी ते लिहिले.

त्या गाण्याच्या रचनेतला एक बारकावा मला फार महत्त्वाचा वाटतो. सारे गाणे ओकिनावाच्या स्वरावलीत चालते, पण उसाच्या शेतात भेटलेल्या आणि त्या उसाखालीच कायमच्या ताटातूट झालेल्या दोघांविषयीच्या ओळी आल्या की चाल ती स्वरावली सोडते आणि साध्या पाश्चात्त्य सप्तकात येते. मियाझावांनी याचे कारण सांगितले आहे: त्या माणसांना मरायला लावणारा देश आपला, म्हणून त्या ओळी ओकिनावाच्या स्वरांत गाण्याचा अधिकार आपल्याला नाही, असे त्यांना वाटले. उसने घेतलेल्या गोष्टीची हद्द इतक्या प्रामाणिकपणे आखलेली मी क्वचितच पाहिली आहे. म्हणून माझे उत्तर असे की ते ओकिनावाविषयीचे गाणे आहे, ओकिनावाचे नव्हे, आणि हा फरक त्याच्या कर्त्यानेच करून ठेवला आहे.

पूर्वेचा_वारा

सुरंगी, सहमत. मात्र 'शिमा उता' हा शब्द मूळचा आमामी बेटांवरचा आहे, हेही नोंदवतो. आमामी आज कागोशिमा प्रांतात मोडते. हाजिमे चितोसे ही गायिका तिथली. तिथले लोक सान्शिन बांबूच्या बारीक काडीने वाजवतात, ओकिनावात मात्र तर्जनीत शिंगाची मोठी नखी घालतात. आमामीच्या गाण्यात आवाज एकदम फाटून वर जातो, तसा ओकिनावात जात नाही, आणि स्वरावलीही वेगळी. दुकानात मात्र सगळे एकाच फळीवर ठेवलेले असते. आमामीचा माणूस अशा वेळी जसा चेहरा करतो, तो पाहण्यासारखा असतो.

खाडीकाठचा

आपण सर्वांनी इतके लिहिलेत की मला माझा प्रश्न पुन्हा वाचावा लागला. मधल्या काळात एक दुर्घटना घडली, ती सांगतो. उत्साहाच्या भरात मी एक जुने सान्शिन विकत घेतले. अजगराच्या अस्सल कातड्याचे होते. जानेवारीत खोलीतला हीटर रात्रभर सुरू ठेवून झोपलो आणि पहाटे पिस्तूल झाडल्यासारखा आवाज झाला. दिवा लावून पाहतो तो कातडे घोडीच्या खालून उभे फाटले होते. ओकिनावाच्या दमट हवेत जन्मलेले वाद्य कोरड्या हवेत टिकत नाही. खानावळीच्या मालकीणबाईंना सांगितले तर त्या हसून म्हणाल्या की प्रत्येकाचे पहिले सान्शिन असेच जाते. आता मी कृत्रिम कातड्याचे घेतले आहे. आवाज थोडा कोरा आहे, पण झोप शांत लागते.

एक जाता जाता: तारांखालच्या ज्या तुकड्याला आपण घोडी म्हणतो, त्याला तिकडे उमा म्हणतात आणि त्याचा अर्थही घोडाच. रात्रपाळी यांना: मी काचाशीत गणपतीच्या मिरवणुकीत नाचतो तसा नाचलो आणि कोणाला काही खटकले नाही.

नि_संदेह

उशिरा येत आहे. भाषेच्या कसोटीवर कोणीच फारसे बोललेले नाही, म्हणून लिहितो. २००९ साली युनेस्कोने रियुक्यू बेटांवरच्या सहा भाषा धोक्यात असल्याचे नोंदवले. ओकिनावी, मियाको, याएयामा, योनागुनी, कुनिगामी आणि आमामी या बोली नसून स्वतंत्र भाषा आहेत. टोकियोचा माणूस त्या ऐकून समजू शकत नाही. शाळेत मातृभाषा बोलणाऱ्या मुलाच्या गळ्यात लाकडी पाटी अडकवली जाई, आणि दुसरे कोणी मूल तसे बोलताना पकडले तरच ती त्याच्या गळ्यात घालून सुटका होई. म्हणजे एकाच शिक्षेत भाषाही मारायची आणि मैत्रीही.

त्या पार्श्वभूमीवर रिंकेन यांनी ओकिनावी भाषेत नवी गाणी लिहिणे, किंवा मियाको बेटाच्या शिमोजी इसामु यांनी आपल्या भाषेत ब्लूज गाणे, याचे मोल कळते. नेनेस या चार स्त्रियांच्या गटाचे नावसुद्धा 'ताई' या अर्थाच्या घरगुती शब्दावरून घेतलेले आहे. परंतु याच कसोटीने बिगिन अडचणीत येतात. इशिगाकी बेटाचे हे तीन मित्र टोकियोत १९९० साली प्रसिद्ध झाले ते निव्वळ जपानी भाषेतल्या ब्लूज वळणाच्या गाण्याने, आणि बेटांविषयीची गाणी पुढे आली. त्यांनी चाल दिलेले 'नादा सोसो' त्यांच्याच बेटाच्या नात्सुकावा रिमीने २००१ साली गायले तेव्हा ते घराघरांत पोहोचले. ते गाणे जपानी भाषेत आहे. ओकिनावी आहे ते फक्त शीर्षक, ज्याचा अर्थ डोळ्यांतून घळाघळा वाहणारे पाणी.

अनिमेवेडी

मग माझ्या ऑरेंज रेंजचे काय ठरले? मीही थोडा अभ्यास केला आहे. मोंगोल ८०० या उरासोए शहरातल्या बँडचा २००१चा अल्बम कोणत्याही मोठ्या कंपनीविना २० लाखांवर विकला गेला, आणि पुढेही त्यांनी टोकियोला बिऱ्हाड हलवले नाही. एचवाय हे नाव तर त्यांच्या हिगाशी याकेना या वस्तीची आद्याक्षरे आहेत. कोणी आपल्या बँडला आपल्या गल्लीचे नाव देतो, याला काहीच किंमत नाही का?

खाडीकाठचा

अनिमेवेडी, किंमत आहे, आणि तुमच्यामुळेच मी माझे मूळ मत मागे घेतो. जन्मस्थान लेची कसोटी नाही. फक्त ते जन्मदाखल्यावरून न ठरवता त्या माणसाने त्या जागेशी नंतर काय केले यावरून ठरवावे. आमुरो नामिएबाबत मात्र मी अजून अडलेलो आहे. नाहाची मुलगी, तिथल्याच ॲक्टर्स स्कूलमध्ये तयार झालेली, २०००च्या ओकिनावा शिखर परिषदेत राष्ट्रप्रमुखांपुढे गायलेली, आणि २०१८ साली निवृत्त होताना आदल्या संध्याकाळचा शेवटचा कार्यक्रमही तिने ओकिनावातच केला. गाणे बेटाचे नाही, पण निरोप घ्यायला ती बेटावर गेली.

तीव्र_मध्यम

आपल्याकडच्या श्रोत्यांसाठी एक शिफारस करून थांबतो. चाम्पलूझमधले गिटारवादक हिरायासु ताकाशी यांनी अमेरिकेच्या बॉब ब्रोझमन यांच्याबरोबर ताकेतोमी बेटावर ओकिनावी बालगीतांचा एक अल्बम मुद्रित केला होता. हेच ब्रोझमन पुढे कोलकात्याच्या देबाशिष भट्टाचार्य यांच्या स्लाइड गिटारबरोबर वाजले. दोन्ही अल्बम लागोपाठ ऐकावेत.

सुरंगी

बालगीते आज सकाळी स्वयंपाकघरात लावली होती. सासूबाई पोळ्या लाटता लाटता म्हणाल्या, "तिलंग छान लावलाय गं, कोण आहे?" मी आपला हा धागा उघडून त्यांच्यापुढे धरला.

तीव्र_मध्यम

त्यांना माझा नमस्कार सांगावा, आणि कोमल निषादाची वाट पाहू नका म्हणावे.